चाळिशीतल्या फलंदाजाला वर्षाला पाच कोटी डॉलर: बेसबॉलचे अवाढव्य करार परवडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबनं डिसेंबर २०२४ मध्ये जुआन सोटो या फलंदाजाशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. २०३९ चा शेवटचा हंगाम खेळताना सोटो चाळीस वर्षांचा असेल आणि तेव्हाही सरासरीनं वर्षाला पाच कोटी घेत असेल. या मालकांना हिशेब कळत नाही, की आपल्यालाच काही दिसत नाहीये?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. पंचवीस-सव्वीस वर्षांचा अव्वल फलंदाज आणि खिसा खोल असलेला क्लब असेल, तर असा करार बहुतेक वेळा परवडतो. तिशी ओलांडलेल्या, क्षेत्ररक्षणाला पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर) उभं राहून नुसती फटकेबाजी करणाऱ्यासाठी सहसा परवडत नाही. पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, बाबतीत हात आखडता घ्यावा. शेवटच्या पाच वर्षांत तो खेळाडू काय करेल यावरून करार तोलायला गेलात, तर उत्तर कायम चुकेल, कारण ती वर्षं वाया जाणार हे सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना पहिल्या दिवशीच ठाऊक असतं.

मी अ‍ॅक्च्युअरी आहे, न्यू जर्सीत काम करतो. पेन्शन, ऍन्युइटी, अपंगत्व विमा अशा वीस-वीस वर्षं चालणाऱ्या देण्यांची आजची किंमत काढणं हा माझा धंदा. खेळाडूंचे करारही माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यामुळे ‘पंधरा वर्षं’ या शब्दांनी मला धडकी भरत नाही. पहिल्या पानावरची जन्मतारीख मात्र मी नीट बघतो.

आपल्याकडच्या वाचकाची एक अडचण आधी दूर करू. आपली सवय आयपीएलच्या लिलावाची. नोव्हेंबर २०२४ मध्ये लखनऊनं ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं, पण संघाच्या थैलीत एकूण १२० कोटीच होते आणि काही वर्षांनी मोठा लिलाव आला की बहुतेक पत्ते पुन्हा पिसले जातात. अमेरिकन बेसबॉलमध्ये खर्चाला अशी कडक मर्यादा नाही. एका रेषेच्या वर गेलात तर दंडवजा कर भरायचा आणि खर्च चालू ठेवायचा. शिवाय करारातली रक्कम हमीची असते. खेळाडूचा फॉर्म गेला, गुडघा गेला, त्याला घरी बसवलं, तरी पैसे द्यावेच लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूला काढून टाकून उरलेली बरीच रक्कम वाचवता येते. इथे ती सोय नाही.

आता वय. बेसबॉलपटू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम तो त्याच क्लबचा बांधील असतो. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास मिळतं (२०२५ मध्ये किमान पगार ७.६ लाख डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादामार्फत पगार वाढत जातो आणि मग खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा, होतो. बहुतेकांची शरीरं सव्वीस ते एकोणतीसच्या दरम्यान ऐन भरात असतात. म्हणजे खेळाडू सर्वांत चांगला खेळतो तेव्हा सर्वांत स्वस्त असतो, आणि बाजारात येतो तेव्हा उताराच्या तोंडावर असतो. महागडे करार फसतात त्याचं निम्मं कारण या व्यवस्थेत आहे, मालकांच्या मूर्खपणात नाही.

सोटो याला अपवाद ठरला, कारण तो मे २०१८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षीच वॉशिंग्टन नॅशनल्सकडून खेळू लागला. म्हणून तो सव्विसाव्या वर्षीच मोकळा झाला. नॅशनल्सनी त्याला २०२२ मध्ये १५ वर्षांसाठी ४४ कोटी देऊ केले होते. त्यानं नाही म्हटलं तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. आधी सॅन डिएगो, मग न्यूयॉर्कचाच दुसरा क्लब यँकीज असा प्रवास करून त्यानं दोन वर्षांत तो आकडा ७६.५ वर नेला. त्याच्या एजंटनं विकायला ठेवली होती ती त्याची सव्विशी.

गणित करून दाखवतो. बेसबॉलमध्ये खेळाडूची किंमत ‘वॉर’ या आकड्यात मोजतात: बाजारात सहज मिळणारा कामचलाऊ बदली खेळाडू घेतला असता तर संघ जितके सामने जिंकला असता, त्यापेक्षा हा किती जास्त जिंकून देतो. फ्री एजंटांच्या बाजारात अशा एका जादा विजयाचा भाव अलीकडे ८० ते ९० लाख डॉलर धरतात. समजा, सव्विशीचा फलंदाज तिसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी सहा विजय देतो आणि पुढे दर वर्षी अर्ध्या विजयानं उतरतो. चाळिशीपर्यंतची बेरीज येते साडेबासष्ट. पैकी ४५ विजय पहिल्या आठ वर्षांतच मिळून जातात. शेवटच्या सात वर्षांच्या वाट्याला उरतात साडेसतरा.

पैशाची बाजू. दरवर्षी सारखे ५.१ कोटींचे पंधरा हप्ते धरले आणि ५ टक्के दरानं आजच्या पैशात आणले, तर ७६.५ कोटींचे सुमारे ५३ कोटी होतात. पंधराव्या वर्षीचे ५.१ कोटी आज जेमतेम २.४५ कोटींच्या मोलाचे आहेत. साडेबासष्ट विजय ८५ लाखांच्या भावानं मोजा, आकडा जवळजवळ तिथंच येतो. पुढच्या विजयांचं मोलही आजच्या पैशात आणायला हवं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे; पण विजयाचा भावही वर्षागणिक चढत आला आहे, त्यामुळे दोन्हींची बरीचशी वजावट होते. काटेकोर बसलात तर मेट्सनी थोडं जास्त दिलं असं निघेल, वेड्यासारखं दिलं असं निघणार नाही. हापूसची पेटी घेताना तळातले काही आंबे डागी निघणार हे धरूनच आपण भाव करतो, तसा हा भाव आहे.

मग सगळे पैसे पहिल्या आठ वर्षांतच देऊन मोकळं का व्हायचं नाही? कारण मघाशी सांगितलेला कर. तो मोजताना त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेला पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. २०२५ मध्ये ती रेषा २४.१ कोटींवर होती आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी ओलांडणाऱ्याला वरच्या प्रत्येक डॉलरवर किमान ५० सेंट कर होता. सॅन डिएगोनं डिसेंबर २०२२ मध्ये तीस वर्षांच्या झँडर बोगार्ट्सला ११ वर्षांसाठी २८ कोटी दिले. एक्केचाळिशीला टेकलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला चपळ क्षेत्ररक्षक) कोणालाच नको असतो. पण तेच २८ कोटी सात वर्षांत बसवले तर वर्षाला ४ कोटी धरले जातात, अकरात पसरले तर २.५५. फिलाडेल्फियानं २०१९ मध्ये ब्राइस हार्परला १३ वर्षांसाठी ३३ कोटी दिले, तिथेही हेच. वर्षाला २.५४ कोटी. त्या बदल्यात क्लबला २०२१ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) मिळाला, २०२२ च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत (विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेपर्यंत) जाता आलं. शेवटची चार वर्षं तो बाकावर बसला तरी त्या करारावर मी आजच बरोबरची खूण करीन.

आता उलट बाजूचं उदाहरण: अल्बर्ट पुहोल्स. सेंट लुईस कार्डिनल्सकडे अकरा हंगाम, ४४५ होम रन (आपल्या षटकारासारखे सीमेपलीकडचे फटके), तीनदा एमव्हीपी, २००६ आणि २०११ ची विजेतेपदं. डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी दिले. पुढच्याच महिन्यात तो बत्तीस वर्षांचा झाला. मघाचंच कोष्टक बत्तिशीपासून, वर्षाला पाच विजय धरून सुरू केलं तर दहा वर्षांत साडेसत्तावीस विजय येतात, तेही सगळं सुरळीत गेलं तर. पहिला बेस ही आधीच बचावाच्या दृष्टीनं सर्वांत हलकी जागा. फलंदाजी ढिली पडली की खेळाडूला सरकवायला मैदानावर दुसरी जागा नसते. तिशीतला शॉर्टस्टॉप तिसऱ्या बेसवर नेता येतो, सेंटर फील्डरला कडेला नेता येतं. पुहोल्सला कुठे नेणार? त्यात पगार चढता होता: पहिल्या वर्षी १.२ कोटी, दहाव्या वर्षी ३ कोटी. उत्पादन घसरतंय आणि हप्ता वाढतोय. मे २०२१ मध्ये, करार संपायला काही महिने असताना, एंजल्सनी त्याला मोकळं केलं. दहा वर्षांत संघ प्लेऑफमध्ये गेला एकदा, २०१४ मध्ये, आणि कॅन्सस सिटीकडून तीनही सामने हरून परतला.

या कथेचा उत्तरार्ध मला जास्त आवडतो. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून कार्डिनल्सना २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एंजल्सची १९ वी निवड मिळाली. त्यांनी घेतला मायकेल वाका नावाचा पिचर. २०१३ मध्ये कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजला पोचले, आणि तिथे नेणाऱ्या मालिकेचा एमव्हीपी होता हाच वाका. आवडत्या माणसाला जाऊ देण्याचं धैर्य फार थोड्या क्लबांत असतं, आणि शहर महिनाभर शिव्या घालतं तो खर्च कुठल्या ताळेबंदात येत नाही.

तरीही वय म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ॲरन जज यँकीजशी ९ वर्षांच्या, ३६ कोटींच्या करारावर सही करताना तिशीचा होता. त्यानंतर तो २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ एमव्हीपी झाला. उलट बाल्टिमोरनं जानेवारी २०१६ मध्ये ख्रिस डेव्हिसला ७ वर्षांसाठी १६.१ कोटी दिले. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८ होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम सतरा हिट (बेसवर पोचवणारे फटके), पुढच्या एप्रिलपर्यंत तो सलग ५४ वेळा फलंदाजीला येऊन एकही हिट न मारता परतला, आणि त्याचे मागे ठेवलेले पैसे क्लब २०३७ पर्यंत देत राहणार आहे. दोघेही उंचेपुरे, दोघेही होम रनवाले, वयंही जवळपास सारखी. शक्यता मोजता येते, माणूस मोजता येत नाही. म्हणून तर हा धोका वाटून घ्यायला विमा लागतो. त्याकडे येतोच.

‘परवडला का’ या प्रश्नात एक वेगळीच गफलत नेहमी होते. खेळाडू अपयशी ठरला की करार अपयशी ठरला, हे लोक वेगळं करत नाहीत. डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सचे मालक टॉम हिक्स यांनी ॲलेक्स रॉड्रिगेझला १० वर्षांसाठी २५.२ कोटी दिले. तेव्हाचा खळबळजनक आकडा. रॉड्रिगेझनं तीन हंगामांत ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले, २००३ चा एमव्हीपी झाला. याहून जास्त कोणी काय द्यावं? (पुढे त्यानं त्या वर्षांत उत्तेजक घेतल्याची कबुली दिली, ती वेगळी गोष्ट.) आणि संघ? १६२ सामन्यांपैकी ७३, ७२, ७१ विजय. तिन्ही वर्षं गटात तळाला. पिचिंग इतकं दुबळं होतं की त्याच्या फटक्यांवर मिळालेल्या धावा दुसऱ्या हातानं वाहून जायच्या. फेब्रुवारी २००४ मध्ये रेंजर्सनी त्याला यँकीजकडे धाडलं आणि उरलेल्या पगारापैकी ६.७ कोटी स्वतःच द्यायचं कबूल केलं. म्हणजे प्रतिस्पर्ध्यासाठी होम रन मारायला पैसे मोजले. २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या न्यायालयात गेला तेव्हा धनकोंच्या यादीत सर्वांत वरच्या नावांत हा रॉड्रिगेझ होता, सुमारे अडीच कोटींचं येणं घेऊन.

क्रिकेटवाल्यांनी इथे जरा थांबावं. विराट किंवा रोहित एकदा जमला तर वीस षटकं उभा राहून सामना काढू शकतो. बेसबॉलमध्ये नऊ जणांचा क्रम ठरलेला असतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि सामन्यात ती चार-पाचदाच येते. जगातला सर्वोत्तम फलंदाजही १६२ सामन्यांच्या हंगामात आठ-दहाच विजय वाढवून देतो. माइक ट्राउट आणि फलंदाजी-पिचिंग दोन्ही करणारा शोहेई ओतानी हे अव्वल खेळाडू २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं एकाच संघात होते, पुहोल्सच्या त्याच एंजल्समध्ये. त्यांतल्या एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. खुद्द सोटोनं मेट्सकडच्या पहिल्या हंगामात, २०२५ मध्ये, ४३ होम रन मारले आणि ३८ बेस चोरले (म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा बेस गाठला). मेट्स ८३ जिंकून ७९ हरले आणि प्लेऑफ हुकले. माझ्या मते करार करण्याआधी मालकानं विचारायचा प्रश्न ‘हा किती वर्षं टिकेल’ हा नाहीच. ‘याच्या पगारानंतर उरलेल्या पंचवीस जणांसाठी माझ्याकडे किती उरतं’ हा आहे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला पुरेसं उरतं. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स क्लबचा स्थानिक टीव्ही करारच २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा. मधल्या आकाराच्या शहरात एक पगार चौथा हिस्सा खाऊन टाकतो. त्यात स्थानिक केबलचं उत्पन्न आता भरवशाचं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये स्थानिक वाहिन्या चालवणारी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी सॅन डिएगोला ऐन हंगामात प्रसारणाचे पैसे थांबल्याचा अनुभव आला.

पिचरबद्दल थोडक्यात. १९७६ च्या शरद ऋतूत, फ्री एजंटांचा बाजार उघडल्याबरोबर, क्लीव्हलंडनं २० सामने जिंकून आलेल्या वेन गार्लंडला १० वर्षांचा २३ लाखांचा करार दिला आणि लवकरच त्याचा खांदा गेला. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी नॅशनल्सनी स्टीफन स्ट्रासबर्गला, वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी ठरल्यावर, ७ वर्षांसाठी २४.५ कोटी दिले. तो त्यानंतर आठ सामने खेळला. आठच. याच क्लबचा मॅक्स शर्झरबरोबरचा ७ वर्षांचा, २१ कोटींचा करार मात्र सोन्यासारखा ठरला. दोघांत आधी ओळखता येण्याजोगा एक फरक होता: स्ट्रासबर्गच्या कोपरावर पूर्वीच मोठी शस्त्रक्रिया झालेली होती.

विमा असतो ना, असं विचाराल. असतो, पण लोक समजतात तसा नाही. अपंगत्वाचा विमा पगाराच्या काही हिश्श्याचा आणि मोजक्याच वर्षांचा मिळतो, आणि जुन्या दुखापतीचा अवयव वगळून मिळतो. म्हणजे जिथे भीती तिथेच संरक्षण नाही. अल्बर्ट बेल हा फलंदाज २००० नंतर कमरेच्या सांध्यामुळे खेळू शकला नाही, तेव्हा बाल्टिमोरच्या खर्चाचा मोठा भाग विमा कंपनीनं सोसला. त्यानंतर या बाजाराच्या अटी फारच कडक झाल्या. आणि नुसता फॉर्म गेला तर कुठलीच पॉलिसी लागू होत नाही. डेव्हिसचा फॉर्म गेला तेव्हा तो धडधाकट होता.

दोन करारांची टिंगल फार होते, म्हणून तेही सांगतो. मेट्स बॉबी बोनिया या आपल्या जुन्या खेळाडूला २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख डॉलर देतात, तो खेळणं सोडून पाव शतक होत आलं तरी. मूळ देणं होतं ५९ लाख, व्याज ८ टक्के, पहिला हप्ता अकरा वर्षांनी. कोणत्याही विद्यार्थ्यानं कागदावर मांडावं: ५९ लाख अकरा वर्षं ८ टक्क्यांनी वाढवले, मग पंचवीस हप्त्यांत वाटले की हाच आकडा येतो. त्यात विनोद काही नाही. व्याजदर तेवढा चढा लावला गेला.

ओतानीचं उलट. डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले १० वर्षांचे ७० कोटी, पण तो खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख घेतो. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये, बिनव्याजी. म्हणून कराच्या हिशेबात हा करार वर्षाला ७ कोटींचा न धरता सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग न करता त्यानं ५४ होम रन मारले, ५९ बेस चोरले. डॉजर्स २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं विजेते झाले, आणि स्टेडियममधल्या जपानी जाहिराती वेगळ्याच. आजवरच्या मोठ्या करारांत मला हाच सर्वांत स्वस्त वाटतो. सोटोच्या करारात मात्र एक डॉलरही पुढे ढकललेला नाही, त्यामुळे ‘७० कोटी विरुद्ध ७६.५ कोटी’ ही मथळ्यांमधली तुलना जवळजवळ निरर्थक आहे.

शेवटी त्या पंधरा वर्षांबद्दल. २०२९ च्या हंगामानंतर सोटोला करार सोडून जाता येतं. त्याला थांबवायचं असेल तर मेट्सना उरलेल्या दहा वर्षांचा पगार दरवर्षी ४० लाखांनी वाढवावा लागेल. एकूण रक्कम मग ८०.५ कोटी होते. तेव्हा तो एकतीस वर्षांचा असेल. चांगला खेळत असेल तर जाईल किंवा जास्त घेईल; खालावला असेल तर आहे त्याच करारावर दहा वर्षं बसेल. पहिली निवड त्याच्या हातात आहे आणि जोखीम क्लबच्या माथी. माझ्यासारखा माणूस या करारात कुठे पैसे जास्त गेले असं म्हणेल, तर ते चाळिसाव्या वर्षाच्या पगारात नाही, या एका कलमात. आणि पाच चांगली वर्षं घेऊन तो खरंच निघून गेला, तर मेट्सनी हायसं वाटून त्याला हार घालून निरोप द्यावा. एकतीस ते चाळीस ही दहा वर्षं मग दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत जातील.